चारशे सतरा नंबरचा बिल्ला

पितळेची निम्मी भांडी घासून झाली होती आणि निम्मी अजून चिंचेच्या कोळात पडून होती, तेवढ्यात बेबीआत्याच्या हाताला बिल्ला लागला. समई, ताम्हन आणि दोन निरांजनं अंगणातल्या उन्हात चकाकत होती. घंटा, पंचपात्री आणि मोठा तांब्या काळेच होते. त्यांना तिनं बाजूला सारलं, बिल्ला मांडीवर घेतला आणि बोटाच्या टोकावर राख घेऊन घासू लागली. रुपयाहून जरासा मोठा, गोल, पितळी. वर एक भोक, मधोमध ठोकलेला आकडा : ४१७. वर्षानुवर्षं घासून त्यातला सात पार झिजत आला होता.

खंडेनवमी परवावर आली होती. एकाहत्तर सालची.

बेबीआत्याचं पाळण्यातलं नाव शरयू. पण आईनं एकदा बेबी म्हटलं ते जे चिकटलं ते चिकटलंच. लग्न झालं तेव्हा सासरी सहा महिने दुसरं नाव होतं. नवरा गेला, ती माहेरी परत आली, आणि पुन्हा बेबी झाली. आता वय बावन्न, डोक्याचे केस पिकलेले, गुडघा धरलेला, तरी अख्खं राइट टाउन तिला बेबीआत्याच म्हणे. भाऊ शरच्चंद्र तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. रेल्वेच्या कचेरीत हेडक्लार्क. त्यांना मात्र लहानपणापासून सगळे भय्यासाहेब म्हणत, म्हणजे घरात धाकट्याला साहेब आणि थोरलीला बेबी, असा उलटा कारभार. भय्यासाहेबांची बायको हेमलता आणि वीस वर्षांची मुलगी विभावरी, एवढंच काय ते कुटुंब. तीन खोल्या, मागं अंगण, अंगणात तुळस आणि नळ.

खंडेनवमीला ज्याचं त्याचं शस्त्र पुजायचं असतं. सुतार करवत पुजतो, शिंपी कात्री पुजतो, आणि जबलपुरात कारखान्या-कारखान्यांतून यंत्रांना झेंडूच्या माळा पडतात. भय्यासाहेबांकडे तलवारीची मूठ होती. नुसतीच मूठ, पातं नव्हतं. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात त्यांचे खापरपणजोबा या सुभ्यावर कारकून म्हणून आले, तेव्हापासून ती घरात होती. कारकुनाला तलवार कशाला, असं कोणी विचारत नसे. पातं कुठं गेलं याची हकीकत मात्र भय्यासाहेब दर वर्षी नवी सांगत. एका वर्षी ते पेंढाऱ्यांच्या अंगावर तुटलं, दुसऱ्या वर्षी नर्मदेच्या पुरात गेलं.

त्या दिवशी घरात बैठक भरे. भय्यासाहेब पेटी उघडत. पगडीतल्या बापूंचा फोटो, म्हणजे त्यांच्या वडिलांचा. शहपुऱ्याच्या तहसिलीतली त्यांची दौत. आजीचं जपाचं आसन. आणि बेबीआत्याची नर्मदेवर केलेल्या वाऱ्यांची वही, मेणकापडात बांधलेली. एकेक वस्तू पाटावर मांडायची, तिची हकीकत सांगायची, मग हळदकुंकू. पाटाच्या उजवीकडे देवाधर्माच्या वस्तू, डावीकडे शस्त्रं.

आणि बिल्ला? बिल्ला उजवीकडे.

भय्यासाहेबांचं म्हणणं असं की हा ओंकारेश्वराच्या अन्नछत्रातला बिल्ला. तिथं म्हणे हजारो पानं उठत, म्हणून प्रत्येकाला नंबर. बेबीचं पान चारशे सतरावं. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बिल्ला बेबीच्या पेटीत सापडला, बेबी नर्मदाभक्त, नर्मदेवर ओंकारेश्वर, तिथं अन्नछत्र. सुतावरून स्वर्ग गाठायची त्यांची जुनी सवय. बेबीआत्या काही बोलत नसे. फक्त बैठक बसण्याआधी ती बिल्ला उचलून डावीकडे, तलवारीच्या मुठीशेजारी ठेवी. भय्यासाहेब आले की तो उचलून उजवीकडे ठेवत आणि हसून म्हणत, ताईला चष्मा करायला हवा.

तेवीस वर्षं हे चाललं होतं.

बिल्ला लख्ख झाला, आणि घरातून विभावरीचा आवाज चढला. बेबीआत्याचे कान तिकडेच होते. पहिल्या वर्गात बीएस्सी झालेल्या विभावरीला खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्याचं नेमणुकीचं पत्र आलं होतं. तपासणी खात्यात जागा. दिवस कसे होते ते सगळ्यांना ठाऊक होतं : कारखान्यांत दोनाच्या तीन पाळ्या झाल्या होत्या, गोलबाजारात भाजी घेताना बायकासुद्धा लढाईचंच बोलत. माणसं हवी होती आणि मुलींनाही घेत होते. दसऱ्यानंतरच्या सोमवारी हजर व्हायचं, नाही तर जागा पुढच्या नावाला.

भय्यासाहेबांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि चष्म्याच्या घरात ठेवलं. म्हणजे नाही. मग कारणं सुरू झाली. तिथं कसली माणसं असतात, पाळ्या कशा असतात, फाटकावर झडती घेतात, आपल्या घराण्यातली बाई कधी अशा जागी गेली नाही. विभावरी शिकलेली आणि बापाच्याच वळणाची. तिनं प्रत्येक मुद्द्याला उत्तर दिलं, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत, की बाबा, मैं कोई तोप चलाने नहीं जा रही, तपासून पास-नापास लिहायचं काम आहे. हेमलता मधे पडली तर दोघांनी मिळून तिला गप्प केलं.

शेवटी भय्यासाहेब म्हणाले, "तुझी आत्या चोवीस वर्षांची होती, लढाई तेव्हाही होती. ती पहाटे उठून नर्मदेवर जायची. कारखान्याच्या फाटकावर जाऊन नाही उभी राहिली."

अंगणात बेबीआत्याच्या हातातला बिल्ला चिंचेच्या पाण्यात पडला.

कारण ती फाटकावरच उभी राहत होती. त्रेचाळीसपासून सरकार सांगेल तोवर, पावणेतीन वर्षं, रविवार सोडून रोज.

हकीकत अशी. बापूंचे डोळे गेले. काचबिंदू. तहसिलीतलं लिहिण्याचं काम सुटलं आणि शहपुरा सोडून ते जबलपुरात दोन खोल्यांत येऊन राहिले. भय्या नागपुरात मामांकडे शिकत होता. घरात आंधळे वडील, अंथरुणावरची आई आणि विधवा बेबी. समोरच्या गल्लीतल्या अंजनीनं सांगितलं की नव्या कारखान्यात बायका घेऊन राहिले आहेत. बेबीनं बापूंना विचारलं. बापू दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तिचा हात धरून ग्वारीघाटावर गेले, तिला गुडघाभर पाण्यात उभी केली, ओंजळीत पाणी घ्यायला लावलं आणि वचन घेतलं : हे बाहेर कोणाला कळायचं नाही, आणि भय्याला तर नाहीच.

"आपण माणसं कारकुनाची," बापू म्हणाले. "हे कळलं तर त्याला मान खाली घालून शिकावं लागेल."

तेव्हापासून बेबी पहाटे झारी घेऊन घराबाहेर पडे. शेजाऱ्यांना बापूंनी सांगून ठेवलं होतं, पोरीनं नर्मदास्नानाचा नेम धरला आहे. कोपऱ्यावर लॉरी येई, बायका चढत, झारीसकट बेबीही चढे. फाटकावर झडती. टाचणी नको, काडीपेटी नको, पायांत खिळ्याची चप्पल नको, अंगावर धातूचा कण नको; झारी आणि हजेरीचा बिल्लासुद्धा फाटकावरच ठेवायचा. बाकीच्या बायका पहिल्या दिवशी बांगड्या उतरवताना रडल्या. बेबीच्या हातात बांगड्या नव्हत्याच. त्या एकाच ठिकाणी तिच्याकडे कोणी त्याबद्दल वेगळ्या नजरेनं पाहिलं नाही, कारण फाटकाच्या आत सगळ्यांचेच हात मोकळे होते.

पुढं काय काम होतं ते तिनं कधी, कुणालाही सांगितलं नाही. एवढंच की हाताखालून एक वस्तू गेली की ती मनात 'नर्मदे हर' म्हणे. तिच्या टेबलाची एकही वस्तू परत आली नाही याचा तिला आतून फार अभिमान होता, आणि त्या अभिमानाबद्दल ती रोज देवाची क्षमाही मागे.

नर्मदेवर ती खरंच जात होती, पण रविवारी. अंजनी आणि आणखी चारपाच जणी मिळून. कधी तिलवाराघाट, कधी लम्हेटा, कधी भेडाघाट. घरी आल्यावर वहीत लिही : कुठं गेलो, पाणी किती होतं, कोणी काय गायलं, कोणाची भाकरी सगळ्यांत चांगली. शेजारच्या काकू तीर्थ मागत म्हणून रविवारी घागर भरून आणी आणि आठवडाभर त्यातलंच पुरवी. खोटं पाणी तिनं कोणाच्या हातावर घातलं नाही. लढाई संपली, बायकांना रजा मिळाली. शेवटच्या दिवशी फाटकाबाहेरच्या आंब्याखाली चौदा जणींचा फोटो काढला आणि बिल्ले आठवण म्हणून ठेवू दिले. तो फोटो तिच्या पेटीच्या तळाच्या कागदाखाली होता.

बापू गेले. भय्या शिकून आला, त्यानं वही वाचली, आणि त्याला बहीण म्हणजे साक्षात पुण्याईची रास वाटली. तेव्हापासून बेबीआत्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली ती आजवर. लोक तिच्या पाया पडत. तिला ते बोचे, पण सहन करण्याजोगं बोचे. आज पहिल्यांदा तिच्या गप्प बसण्याची किंमत दुसरंच कोणी भरणार होतं.

तिनं उरलेली भांडी तशीच ठेवली, हात धुतले आणि हेमलताला सांगितलं की उद्या अष्टमी, मी भेडाघाटला चौसष्ट योगिनीला जाऊन येते. हेमलतानं नारळ आणि शिंगाड्याच्या पुऱ्या बांधून दिल्या. निघताना हळूच म्हणाली, "वन्सं, देवीला विभाचंही सांगा. हे तर ऐकूनच नाही राहिले."

भेडाघाटला बसमधून उतरल्यावर डाव्या हाताला संगमरवराच्या दुकानांची रांग आहे. तिथं अंजनीचं दुकान होतं. नवरा मूर्ती घडवायचा, तो गेल्यावर मुलं घडवत, अंजनी विकत असे. पांढरी धूळ तिच्या भुवयांपर्यंत चढलेली असायची. बेबीला पाहताच तिनं गिऱ्हाइकाला शिवलिंगाचा भाव सांगता सांगता तिला हाताला धरून आत ओढलं आणि स्टुलावर बसवलं.

बेबीआत्यानं सगळं सांगितलं. अंजनी ऐकत गेली आणि तिचे डोळे मोठे होत गेले.

"काए री बेबी," ती म्हणाली, "अट्ठाईस साल में तूने घर में किसी को नहीं बताया? मैंने तो बहू को ब्याह के तीसरे दिन बता दिया था. पोतों को राजा-रानी की जगह वही कहानी सुनाती हूँ. छोटा वाला तो मेरा बिल्ला गले में डाल के घूमता है."

बेबीआत्याला हसू आलं आणि रागही आला. ती म्हणाली, आपण कागदावर सही केली होती, आतलं बाहेर सांगणार नाही म्हणून. अंजनीनं तिच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. आत काय बनत होतं ते आपण आजही सांगत नाही, ती म्हणाली. पण आपण तिथं होतो, हे सांगायला कोणाची बंदी आहे? मग बेबीआत्यानं ग्वारीघाटाची गोष्ट काढली. बाप, ओंजळ, पाणी. हे मात्र अंजनीला ठाऊक नव्हतं. नर्मदेचं पाणी हातात घेऊन दिलेला शब्द ही चेष्टेची गोष्ट नव्हे, हे तिकडच्या माणसाला सांगावं लागत नाही.

बराच वेळ तिनं पदरानं एक गणपती पुसला. मग म्हणाली, "जल तो मैया का था ना. तेरे बाप का थोड़े ही था. जा के लौटा दे."

दोघी पंचवटी घाटावर उतरल्या. पावसाळ्याचा गढूळपणा अजून पुरता गेला नव्हता, नावा काठाला बांधून ठेवल्या होत्या, दोन्हीकडच्या संगमरवरी कड्यांवर ओल होती. गुडघ्यामुळं बेबीआत्याला पायऱ्या उतरायला वेळ लागला. पाण्यात उभं राहून तिनं ओंजळ भरली. वडिलांशी काय बोलावं याची तिनं बसमध्ये मोठी तयारी केली होती. त्यातलं काहीच आठवलं नाही.

"बापू," ती म्हणाली, "तेव्हा भय्याची मान खाली जाऊ नये म्हणून गप्प राहिले. आता तुमच्याच नातीचं अडलं आहे. हे घ्या परत."

आणि ओंजळ उघडली.

ती वाट पाहत उभी राहिली. काही झालं नाही. पाणी पाण्यात मिसळलं, एक झेंडूचं फूल वाहत आलं आणि पुढं गेलं. अंजनी वरच्या पायरीवरून म्हणाली की मैयानं घेतलं, आता वर ये, दुकान उघडं टाकून आले आहे. बेबीआत्या वर आली. नारळ फोडला, अर्धा अंजनीला दिला, चौसष्ट योगिनीच्या पायऱ्या मात्र गुडघ्यापायी देवीची क्षमा मागून खालूनच पुजल्या.

खंडेनवमीला सकाळी नऊलाच माणसं जमली. दहाबारा जण असतील. शेजारचे मुरलीधरपंत नेहमीप्रमाणं कोपऱ्यातली खुर्ची धरून बसले. खमरियाच्याच कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले, बोलायला अत्यंत कंजूष गृहस्थ. दर वर्षी येत, दोन करंज्या आणि एक चकली खात, आणि 'बरं होतं' म्हणून जात. विभावरी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. दोन दिवस ती बापाशी बोलली नव्हती, आणि बापही तिच्याशी बोलत नव्हता, त्यामुळं दोघं सगळं हेमलतामार्फत विचारत होते. आज सकाळी चहात साखर कमी आहे हेसुद्धा हेमलतामार्फतच कळवण्यात आलं होतं.

बेबीआत्यानं बिल्ला डावीकडे ठेवला.

भय्यासाहेबांनी बैठक सुरू केली. तलवारीचं पातं यंदा इंग्रजांच्या छावणीत पुरलेलं निघालं. बापूंच्या दौतीची गोष्ट झाली, आजीच्या आसनाची झाली. मग ते वहीकडे वळले, मेणकापड सोडलं, एक परिच्छेद वाचला, तिलवाराघाटावर धुकं कसं होतं तो. वाचताना त्यांचा आवाज नेहमी भरून येई, आजही आला. आणि वाचता वाचता सवयीनं त्यांचा हात बिल्ल्याकडे गेला.

"राहू दे तिथंच," बेबीआत्या म्हणाली.

"ताई, हा अन्नछत्राचा आहे."

"नाही भय्या. हा खमरियाच्या कारखान्याचा आहे. माझा नंबर आहे तो. त्रेचाळीसपासून लढाई संपेस्तोवर मी तिथं कामाला होते."

हेमलताच्या हातातलं करंज्यांचं ताट जिथल्या तिथं राहिलं. बेबीआत्यानं पदराखालून फोटो काढला आणि पाटावर, तलवारीच्या मुठीपलीकडे ठेवला. आंब्याचं झाड, दोन ओळींत चौदा बायका. मागच्या ओळीत डावीकडून तिसरी, पांढऱ्या सुती साडीत, छातीवर बिल्ला, आणि चेहऱ्यावर असं हसू की घरातल्या कोणीही तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. शेजारची अंजनी काहीतरी बोलत असावी. तिचं तोंड उघडंच छापलं गेलं होतं.

मग तिनं थोडक्यात सांगितलं. बापूंचे डोळे, लॉरी, झारी, ग्वारीघाटावरचं वचन, आणि काल ते पाण्यात परत केलं हेही. आत काय काम होतं ते सांगितलं नाही.

भय्यासाहेब फोटोकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जे आलं तो राग नव्हता. गोष्ट सांगणाऱ्याची गोष्ट मधेच कोणी काढून घेतली म्हणजे होतं, तसं काहीतरी होतं.

"मला काहून नाही सांगितलं?"

"तुलाच तर सांगायचं नव्हतं."

"मग नागपुरात माझी फी…" ते बोलायला लागले आणि थांबले.

"ते आपण लिहून नाही ठेवलं," बेबीआत्या म्हणाली. "करंजी घे."

करंजी त्यांनी घेतली नाही. त्याऐवजी वही ओढली. हेडक्लार्कचा जीव, हिशेबात चूक निघाली म्हणजे मूळ कागद पाहिल्याशिवाय चैन नाही. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मग बोट तोंडाला लावून भराभर उलटत गेले. रविवार, तिलवाराघाट. रविवार, लम्हेटा. रविवार, भेडाघाट, पाणी फार. त्यांनी शेवटचं पान पाहिलं आणि पुन्हा पहिलं पाहिलं.

"सगळे रविवारच आहेत," ते म्हणाले.

"हो ना. बाकी दिवस पाळी असायची."

"तेवीस वर्षं वाचून राहिलो मी ही वही."

"तू घाटापासून वाचायला लागतोस भय्या. वार वर लिहिला आहे."

यावर दारातून विभावरीला हसू फुटलं, तिनं ते ओढणीत दाबलं, पण हेमलताचं दाबलं गेलं नाही, आणि मग जमलेल्यांचंही. भय्यासाहेबांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. त्यांच्या कचेरीत एका स्वल्पविरामासाठी फायली परत जात, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

तेवढ्यात कोपऱ्यातून मुरलीधरपंत खाकरले. म्हणाले, अन्नछत्राचा बिल्ला असा नसतो. हा हजेरीचा आहे हे मला पहिल्याच वर्षी दिसलं होतं.

भय्यासाहेब त्यांच्याकडे वळले. तेवीस वर्षं फराळ केला आणि बोलला नाहीत?

"मला कोणी विचारलं नाही," मुरलीधरपंत म्हणाले. "आम्हांला विचारल्याशिवाय सांगायची सवय नाही." एवढं बोलून त्यांनी दुसरी करंजी उचलली. त्यांच्या आयुष्यातलं ते बहुधा सर्वांत लांब भाषण होतं.

भय्यासाहेबांनी पाटाकडे पाहिलं. मूठ, बिल्ला, फोटो. मग हळदकुंकवाचं तबक घेतलं. आधी मुठीला लावलं, कारण क्रम तसा होता. मग बिल्ल्याला लावलं, तो होता तिथंच, डावीकडे. झेंडूचं फूल वाहिलं. आणि मग बहिणीच्या पाया पडले. दर वर्षी पडत, पण या वेळी बेबीआत्यानं पाय मागं घेतले नाहीत.

उठताना त्यांनी विभावरीकडे पाहिलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच सरळ, हेमलताला मधे न घालता.

"लॉरी किती वाजता येते?" त्यांनी विचारलं.

विभावरी गोंधळली. म्हणाली, लॉरी नाही बाबा, आता बस असते. पावणेसहाला. नेपियर टाउनच्या कोपऱ्यावर.

"मग मी कोपऱ्यापर्यंत येईन," ते म्हणाले. "सोडायला नाही. मला तसंही फिरायला जायचंच असतं." ते कधीही फिरायला जात नसत. चष्म्याच्या घरातून त्यांनी पत्र काढलं आणि तिच्या हातात दिलं.

विभावरी आत्याच्या गळ्यात पडली. बेबीआत्यानं तिला जरा वेळ पडू दिलं, मग दूर धरून वरपासून खालपर्यंत पाहिलं. पोरीच्या अंगावर नवरात्रासाठी घेतलेला नायलॉनचा पंजाबी ड्रेस होता, केसांत सहा पिना होत्या आणि पायांत टाचेच्या चपला.

"यातलं काहीच नाही चालायचं," ती म्हणाली. आणि मग सुरू झाली ती थांबेचना. नायलॉन नाही, ठिणगी पडते. सुतीच हवं. ब्लाउजला हूक नाही, नाड्या. केसांना पिना नाहीत, दोऱ्याची वेणी घालायची. फाटकावरच्या बाईशी पहिल्याच दिवशी हसून बोलायचं, मग ती झडती लवकर उरकते. डबा कोरडा न्यायचा, रस्सा नाही. झोप येऊन राहिली तर लपवायचं नाही, शेजारणीला सांगायचं. हेमलता तोंडाला पदर लावून ऐकत होती. नणंद एका दमात इतकं बोलली हे तिनं लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं.

त्यांचे नियम आता बदलले असतील आत्या, विभावरी म्हणाली.

"बदलले असतील तर ते सांगतील. तोवर माझे पाळ."

संध्याकाळी देवळात भय्यासाहेब ओळखीच्या माणसांना थांबवून थांबवून सांगत होते. बेबीआत्या प्रदक्षिणा घालून येईपर्यंत गोष्ट बरीच पुढं गेली होती : लढाईच्या काळात आमची ताई चारशे सतरा बायकांवर मुख्य होती. तिनं जवळ जाऊन हळूच सांगितलं की भय्या, चारशे सतरा नुसता नंबर आहे, बायका चौदा होत्या, आणि मुख्य कोणी दुसरीच होती. भय्यासाहेबांनी मान डोलावली आणि ऐकणाऱ्यांना म्हणाले, बघा, अजून लपवूनच राहिली आहे. सवय जात नाही.

तिनं हात जोडले आणि सोडून दिलं. देवासमोर उभी राहून त्या अभिमानाबद्दल नेहमी जी क्षमा मागायची, ती आज तिच्या लक्षातच राहिली नाही; घंटा वाजवून ती बाहेर आली.

दसरा झाला, सोनं वाटून झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून बेबीआत्यानं पिशवीत पांढऱ्या सुती कापडाचा तागा घातला, विभावरीला हाक मारली, आणि दोघी गोहलपुरातल्या शिंप्याकडे नाड्यांचे चार ब्लाउज शिवायला टाकायला निघाल्या.